तांदळात लिहायचं नाव

डोंबिवलीहून ठाणे, मग मोहने आणि शेवटी टिटवाळा. या मार्गावर कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही. मीसुद्धा आजवर या गावांना कामापुरतीच गेलेली आहे. ठाण्याला कचेरीच्या कामाला, मोहन्याला आमच्या आत्यांना बघायला आणि टिटवाळ्याला गणपतीला. पण गेल्या हिवाळ्यात याच मार्गाने एका चिनी मुलीला बरोबर घेऊन मी लग्नाच्या पत्रिका वाटल्या. अशी सून घरात येण्याचा योग आता बऱ्याच घरांत येणार आहे, तेव्हा ज्यांच्याकडे अजून आलेला नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

मुलगी म्हणजे रुओनान. माझा मुलगा निखिल आणि ती सिंगापूरला एकाच ऑफिसात आहेत. निखिलला रजा लग्नाच्या तोंडावर मिळणार होती, तिला आधी मिळाली, म्हणून ती एकटीच पुढे आली. तिचे आईवडील हूनान प्रांतातून लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचणार होते. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे पत्रिका वाटणं माझ्याकडे आलं. म्हटलं, ही घरात बसून काय करणार, चल माझ्याबरोबर. वडीलधारी माणसं बघून तरी घेतील.

बोलणं इंग्रजीत, मधूनमधून तिचं मराठी. देवनागरी ती मोबाइलवर शिकली होती आणि अक्षर अक्षर लावून वाचायची. निघायच्या आधी तिने पत्रिका हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "काकू, चिसौकां हे माझं नवीन आडनाव आहे का?"

मी तिला चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी दोन्ही समजावून सांगितलं. आडनाव नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं. त्यांच्याकडे लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. पहिलं नाव बदलण्याचा तर प्रश्नच येत नाही.

आमच्याकडे मात्र येतो, आणि तो माझ्या कामांच्या यादीत होता: गुरुजींना नाव कळवणे. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हे मी तिला सांगितलं. माझं मतही सांगितलं. मी माहेरची मंगल, सासरी माधुरी झाले. शाळेच्या दाखल्यावर एक, बँकेत दुसरं, आणि मंगल आणि माधुरी ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला मी आजही कागद घेऊन हिंडते. तेव्हा माझा आग्रह नाही. हवं तर बदल, नको तर राहू दे, फक्त टिटवाळ्याहून परत येईपर्यंत सांग, म्हणजे गुरुजींना फोन करता येईल.

"विचार करते," ती म्हणाली. एवढ्याशा गोष्टीला ती इतकी गंभीर का झाली ते मला तेव्हा कळलं नाही.

ठाणे

ठाण्याला माझ्या मोठ्या नणंदबाई, शैलाताई. पत्रिका द्यायला जातो म्हटल्यावर त्यांनी केळवणच ठेवलं. अळूवडी, मसालेभात, श्रीखंड-पुरी, आणि पाटाभोवती रांगोळी.

रुओनानने पत्रिका दोन्ही हातांनी धरून, मान लववून अशोकरावांना दिली. अशोकराव म्हणजे शैलाताईंचे यजमान. ते म्हणाले, "अशी दिली तर 'अहेर आणू नये' हे मला वाचताच येणार नाही."

जेवताना तिने पाणी गरम मागितलं.

"घसा बसलाय का तिचा?" शैलाताईंनी मला विचारलं.

"नाही. त्यांच्याकडे बारा महिने गरमच पितात."

"मग मी ताक कशाला केलं?"

ताक तिने घेतलं, पण त्यात मीठ आहे हे कळल्यावर वाटीकडे थोडा वेळ बघत राहिली. दूध आंबवून त्यात मीठ आणि आलं घालायचं, हे तिच्या आईला फोनवर सांगूनही पटलं नाही, असं तिने मला नंतर सांगितलं. अळूवडी मात्र दोनदा मागून घेतली.

पान संपत आल्यावर शैलाताई म्हणाल्या, "हं, आता नाव घे."

मी इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं, आणि चूक तिथेच झाली. रुओनान हात पुसून उठून उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "थान रुओनान."

अशोकराव हसू दाबत म्हणाले, "आडनाव थान? अगं, मग ही मूळची ठाण्याचीच."

नाव नवऱ्याचं घ्यायचं असतं, तेही यमक जुळवून, हे कळल्यावर ती चकित झाली. तिची आई तिच्या वडिलांना सरळ 'लाओ थान' म्हणते, म्हणजे आपल्याकडे 'अहो जुने थान' म्हटल्यासारखं. नवऱ्याचं नाव घ्यायला कविता कशाला लागते, असा तिचा प्रश्न. पूर्वी बायका एरवी ते नाव उच्चारतच नसत, म्हणून एक दिवस साजरा करायचा, असं मी म्हटलं. यावर ती पुन्हा उभी राहिली आणि म्हणाली, "निखिल."

"झाला उखाणा," शैलाताई म्हणाल्या. "आता मुख्य बोल, माधुरी. तांदळात काय लिहिणार?"

"अजून ठरलं नाही."

"म्हणजे काय? 'रु'वरून ऋतुजा घ्या. गुरुजींना बोलता तरी यायला हवं. हिच्या नावाचा अर्थ काय?"

"'रुओ' म्हणजे सारखी. 'नान' एक झाड आहे," रुओनान म्हणाली. उंच, सरळ वाढणारं, सुगंधी लाकडाचं झाड. जुन्या राजवाड्यांचे खांब त्याचे असत, आणि तिच्या प्रांतातल्या डोंगरांत ते अजून आहे. म्हणजे झाडासारखी. हे सांगताना तिने मराठी शब्द मला विचारून घेतले आणि 'झाडासारखी' दोनदा म्हणून पाहिलं.

"मग वल्लरी ठेवा," शैलाताई म्हणाल्या.

"वल्लरी म्हणजे वेल, ताई."

मी ते तिला समजावलं. ती म्हणाली, "वेल झाडाला धरून चढते ना? मग नको."

अशोकराव खूश झाले. शैलाताईंनी आणखी चार नावं सुचवली आणि निघताना नारळ हातात देत माझ्या कानात म्हणाल्या, "हसण्यावारी नेऊ नको. हॉलमध्ये चारशे माणसांसमोर गुरुजी अडखळले तर आपलंच हसं होईल."

मोहने

दुसऱ्या दिवशी कल्याणहून रिक्षाने मोहन्याला गेलो. इथल्या रेयॉनच्या जुन्या कंपनीत आत्यांचे मिस्टर कामाला होते. ते गेले, पण आत्यांनी घर सोडलं नाही. आत्या म्हणजे ह्यांची आत्या, सुमनआत्या. ऐंशीच्या पुढे आहेत, साताऱ्याकडच्या, आणि स्वयंपाकाला कुणाला हात लावू देत नाहीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्या हिरव्या मिरच्या भाजून खलबत्त्यात कुटत होत्या. रुओनान चप्पल काढून थेट त्यांच्याजवळ जाऊन बसली. हूनानमध्ये तिची आजी मातीच्या भांड्यात लाकडी दांड्याने अगदी अशाच भाजलेल्या मिरच्या कुटते, त्यात लसूण घालते आणि भाताबरोबर खायला देते. आत्यांनी बत्ता तिच्या हातात दिला. तिचा हात बघून मला म्हणाल्या, "हिला येतंय की. शैलीच्या सुनेला अजून येत न्हाय."

पिठलं, भाकरी, ठेचा. भाकरी मोडायला तिला जमेना, तेव्हा आत्यांनी एका हाताने मोडून दाखवली. ठेचा मात्र तिने माझ्या दुप्पट खाल्ला आणि गरम पाणी मागितलं. आत्यांनी काही न विचारता दिलं. त्या स्वतःही गरमच पितात.

"नाव काय म्हणालीस गं हिचं?"

"रुओनान."

"अर्थ काय?"

"झाडासारखी," रुओनान मराठीत म्हणाली.

"बरं हाय. आईबापानं हौसेनं ठेवलेलं दिसतंय. न्हायतर माझं बघ. नकुशा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आत्या, तुमचं नाव सुमन ना?"

"ते सासरचं. माहेरची मी नकुशा. माझ्याआधी सगळ्या पोरीच. पुढची नको, म्हणून नकुशा. असं नाव ठेवलं की मागनं पोरगा येतो म्हणं."

इतकी वर्षं मी त्या घरात येते-जाते, हे मला ठाऊक नव्हतं. मी रुओनानला इंग्रजीत सांगितलं. तिने हातातली भाकरी खाली ठेवली.

"मग आला का मुलगा?" तिने विचारायला सांगितलं.

"आला की. तो पण आता म्हातारा झालाय. गुडघं धरून बसतोय गावाकडं."

रुओनान हसली. मग म्हणाली, तिच्या मावशीचं नाव लायदी, म्हणजे 'भाऊ येऊ दे'. त्या पिढीत अशी नावं खूप. वर्गात हाक मारली की दोघी-तिघी उभ्या राहायच्या.

"आमच्याकडं पण दोघी होतो नकुशा," आत्या म्हणाल्या. "एक थोरली, एक धाकली."

यानंतर रुओनान माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, ठाण्यात मी सांगितलं ते अर्धंच खरं आहे."

चिनीत एकाच आवाजाची अनेक अक्षरं असतात आणि अर्थ आवाजात नसतो, अक्षरात असतो. 'नान' हे झाडाचं एक अक्षर आहे. दुसरंही एक 'नान' आहे, त्याचा अर्थ पुरुष, मुलगा. तिच्या पासपोर्टवर, डिग्रीवर ते दुसरं आहे. रुओनान म्हणजे 'मुलासारखी'. त्या काळी सरकारने एकच मूल म्हटलेलं, आणि ते एकच मूल मुलगी निघाली. वडिलांनी हे नाव ठेवलं. कॉलेजात गेल्यावर तिने मित्रमैत्रिणींना झाडाचं अक्षर सांगायला सुरुवात केली. अशा पुष्कळ मुली करतात. आवाज तोच असल्यामुळे कुणाला कळत नाही. घरी मात्र ती जुनंच अक्षर लिहिते.

मी हे सगळं आत्यांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बापाला ठावं हाय?"

"नाही."

"मारकुटा हाय का?"

रुओनानने जोरात नकारार्थी मान हलवली. वडील शाळेत भाषा शिकवतात. हसतमुख माणूस. त्यांनी तिला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, कधी कशाला नाही म्हटलं नाही. "पण ते अक्षर बघितलं की मला वाटतं, ते अजून कुणाची तरी वाट बघतायत," ती म्हणाली. "आणि मी ते बदललं तर त्यांना वाटेल, मी त्यांनाच पुसलं."

हे भाषांतर करायला मला थोडा वेळ लागला.

आत्या पदराने हात पुसत म्हणाल्या, "माझं लगीन झालं, ह्यांनी तांदळात सुमन लिवलं. मी खाली बघत होते. मनात म्हणाले, सुटले एकदाची. कुणाला काय सांगावं लागलं न्हाय, भांडावं लागलं न्हाय. तू पण घे दुसरं. आयतं मिळतंय."

तांदळातलं नाव मला आजवर कागदपत्रांची कटकट वाटत होती, शैलाताईंना घराची रीत वाटते, आणि आत्यांना ती सुटका वाटली होती. रुओनानने त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण रुओनान हा आवाज माझाच आहे. मला त्याच हाकेची सवय आहे."

"मग अवघड हाय," आत्या म्हणाल्या. निघताना त्यांनी तिला बसवून कुंकू लावलं आणि मला बजावलं, "मी लग्नाला येणार. गाडी पाठीव."

टिटवाळा

पहिली पत्रिका खरं तर गणपतीची. पण वाटायला सुरुवात केली तो मंगळवार होता आणि मंगळवारी टिटवाळ्याला रांग कुठवर जाते ते मला माहीत आहे, म्हणून पहिली पत्रिका घरच्या गणपतीपुढे ठेवली आणि टिटवाळ्याला शेवटच्या दिवशी गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना नवीन इमारती आणि त्यांच्या जाहिराती. रुओनान प्रत्येक इमारतीचं नाव वाचून अर्थ विचारत होती. एका चौदा मजली इमारतीचं नाव 'कुटीर' होतं.

हारदूर्वांच्या दुकानात बाईने तिला विचारलं, "लग्न जुळायला आलीस का गं?" इथल्या गणपतीची तशी ख्याती आहे.

"जुळलं," रुओनान म्हणाली.

"मग पेढे जास्त घे."

गाभाऱ्यात गुरवांनी पत्रिका देवापुढे ठेवली. बाहेर आल्यावर भिंतीवर गणपतीची नावं लिहिली होती. ती तिने वाचायला घेतली. वक्रतुंड, एकदंत, लंबोदर. अर्थ विचारले. मी वाकडी सोंड, एक दात, मोठं पोट असं सांगत गेले.

"यांना इतकी नावं कुणी ठेवली?"

"भक्तांनी."

"आणि ते रागावले नाहीत?"

"नाही. कागदपत्रंही बदलली नाहीत."

तिथून आम्ही मागच्या तळ्याकडे गेलो आणि पायरीवर बसलो. मी थर्मासमधलं गरम पाणी तिला दिलं. ती थोडं प्यायली, मग झाकणातल्या पाण्यात बोट बुडवून दगडावर लिहायला लागली. तिचे वडील रविवारी सकाळी बागेत असंच लिहितात, मोठ्या कुंचल्याने, नुसत्या पाण्याने, फरशीवर. उन्हाने पुसलं जातं. बघायला माणसं जमतात.

तिने आधी पासपोर्टवरचं अक्षर काढलं. वरती चार खणांचं शेत, खाली ताकद. शेतात ताकद लावतो तो पुरुष. मग शेजारी दुसरं काढलं. डावीकडे झाड, उजवीकडे दक्षिण दिशा. दक्षिणेकडे होणारं झाड. पहिलं अक्षर आधी वाळलं.

"एकाच नावाची दोन अक्षरं," मी म्हटलं, "आणि मराठीत लिहिलं तर?"

"एकच."

"इंग्रजीत?"

"एकच."

"मग इथे कागद एकही बदलावा लागणार नाही. तांदळात झाडाचं लिही आणि मोकळी हो."

"बाबा समोर असतील."

"आधी फोनवर सांगून टाक."

तिने झाकणातलं उरलेलं पाणी पायरीवर ओतलं. "फोनवर सांगितलं तर ते लगेच 'बरं' म्हणतील. मग मला कधीच कळणार नाही, त्यांना काय वाटलं."

मी म्हटलं, "निखिलला चिनी बोललेलं समजतं, पण लिहिता येत नाही. तेव्हा लिहायचं तुलाच. ताट मी धरते." घरी येऊन गुरुजींना फोन केला आणि नाव तेच राहील असं कळवलं. "तेच म्हणजे कोणतं?" त्यांनी विचारलं. मी ते अक्षर अक्षर सांगितलं.

डोंबिवली

लग्न व्यवस्थित झालं. मंडपातल्या बाकी गोष्टी कुठल्याही लग्नासारख्याच, त्या लिहीत नाही. थान दांपत्य पहिल्या रांगेत बसलं होतं. रुओनानचे वडील उंच, किडकिडीत, कोटाच्या आत विणलेला स्वेटर. त्यांच्या शेजारची खुर्ची आत्यांनी स्वतःच पटकावली होती. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण आत्यांनी त्यांना पेढा आणि गरम पाणी दोन्ही मागवून दिलं होतं.

लक्ष्मीपूजनाला ताट आलं. तांदूळ मी सपाट केले. निखिलने अंगठी रुओनानच्या हातात दिली.

"अगं, नवऱ्याने लिहायचं असतं," शैलाताई म्हणाल्या.

"त्याला येत नाही," मी म्हटलं.

थान वाकून बघायला पुढे आले. रुओनानने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. 'रुओ' झाला. मग 'नान'. डावीकडचं झाड काढताना रेघा एकात एक गेल्या, तांदूळ घसरले. तरी झाड होतं ते दिसत होतं.

तिचे वडील बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला आणि तळव्याने तांदूळ पुसून सपाट केले.

ताट माझ्या हातात होतं, त्यामुळे मला तिचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. तिने अंगठी घट्ट धरून ठेवली होती. थान यांनी तळवा उघडून तिच्यासमोर धरला. तिने अंगठी त्यावर ठेवली.

ते थोडे खाली बसले, बाही मागे सारली आणि लिहू लागले. 'रुओ' छोटा. मग डावीकडे झाड, चांगलं रुंद, खोड सरळ, फांद्या दोन्हीकडे मोकळ्या. शेवटी उजवीकडे दक्षिण. शेत कुठेच नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी एक वाक्य म्हटलं, शिक्षक वहीवर बोट ठेवून सांगतात तसं. रुओनानने नुसती मान डोलावली, आणि डोलावतच राहिली.

"काय म्हणाले?" मी निखिलला विचारलं.

"झाडाला जागा कमी सोडली होतीस, म्हणाले."

"पण पुसलं कशाला आधी?" शैलाताईंनी मागून विचारलं.

"पुसू दे," आत्या खुर्चीवरून म्हणाल्या. "पयलं पण त्यानंच लिवलेलं. त्यालाच नीट करू दे."

गुरुजींनी माइक तोंडाजवळ घेतला आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "वहिनी, नवीन नाव काय म्हणालात?"

"रुओनान."

"ते तर जुनं ना?"

"हो," मी म्हटलं. "तेच नवीन."